तंगूस सोडताना

मार्चमधली पहाट होती. पवना जलाशयाच्या काठावर आम्ही अंधारातच येऊन बसलो होतो. समोर तुंगचा सुळका हळूहळू काळ्याचा जांभळा होत होता. साडेसहाच्या सुमाराला माझ्या बोटाखालचा तंगूस दोनदा थरथरला, थांबला, आणि मग काठीचं टोक असं खाली गेलं की मी उठून कधी उभी राहिले ते मला आठवत नाही. काठी दोन्ही हातांनी गच्च धरली, रिळाचा दांडा मुठीत आवळला आणि ओढलं. पलीकडून माझ्याहून जोरात कुणीतरी ओढलं. टण्‌ असा एक आवाज झाला आणि हातातलं सगळं वजन गेलं.

मला गळ शिकवणाऱ्या मामांनी तंगुसाचं तुटलेलं टोक चिमटीत धरून उजेडाकडे नेलं. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, तो पळत होता तेव्हा तुम्ही का ओढलंत? पळणाऱ्याला पळू द्यायचं. तो थांबला की मग आपण."

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी 'हाताने शिकलेलं' असा विषय दिला. मी लोणावळ्यात वाढले. वळवण तलावाचं पाणी रोज दिसायचं, आणि त्या पाण्यात माणसापेक्षा जुना वाटावा असा एक मासा राहतो हेही ऐकून माहीत होतं. तो मी कधी पाहिला नव्हता. स्कॉटलंडच्या नद्यांवर काठावरून साल्मन गळाला लावायचा, दमवायचा आणि बाहेर काढायचा, हे लोक वर्षानुवर्षं शिकतात, त्यावर कपाटभर पुस्तकं आहेत. आपल्या मावळात याच्या तोडीचं शिक्षण कुठे मिळतं का, हे मला पाहायचं होतं. ते मिळालं. त्याचा पहिला धडा ओढण्याचा नव्हता, सोडण्याचा होता. आणि 'सोडणं' हा शब्द पुढे सहा महिने माझ्या मागे लागला.

साल्मन नव्हे, खडशी

साल्मन हा थंड पाण्याचा मासा. नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा त्याच नदीत चढून येतो. आपल्या हॉटेलांत रावसाला 'इंडियन साल्मन' म्हणून वाढतात, पण रावसाचं आणि साल्मनचं काही नातं नाही. गळवाल्यांच्या लेखी साल्मनचा भारतातला जोडीदार समुद्रात सापडत नाही. तो डोंगरातल्या नद्यांत आहे. त्याचं नाव महसीर. मद्रास प्रांतात सनदी नोकरीत असलेल्या हेन्री सलिवन थॉमस यांनी 1873 मध्ये 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक लिहिलं. साल्मनच्या अभिमानात वाढलेल्या आपल्या देशबांधवांना त्यांनी त्यात बजावून सांगितलं, की वजनास वजन धरलं तर महसीर साल्मनला भारी आहे.

आपल्या भागातला महसीर म्हणजे खडशी, कुणी खडची म्हणतं. मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करत फिरणाऱ्या कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी या माशाचं पहिलं शास्त्रीय वर्णन 1839 मध्ये केलं. त्यांचा नमुना पुण्याच्या पूर्वेला सुमारे आठ मैलांवर मुळा-मुठेच्या पात्रातला होता. साइक्सची एक गोष्ट मला फार आवडते. माशांना लॅटिन नावं देताना त्यांनी इथल्या कोळ्यांच्या तोंडची नावं उचलली. कोळसचं 'कोलस' केलं, मसळ्याचं 'मुसुल्ला', आणि आपल्या माशाचं 'खुद्री'. आज जगभरच्या प्रयोगशाळांत हा मासा 'टॉर खुद्री' म्हणून ओळखला जातो. म्हणजे मुळा-मुठेच्या काठावरचा एक मराठी शब्द, उच्चार थोडा मोडून का होईना, शास्त्रात कायमचा राहिला आहे.

खडशी कार्पच्या कुळातली, म्हणजे रोहू-कटल्याची लांबची बहीण. पण अंगाने वेगळी. खवले मोठे, जुन्या रुपयाएवढे. पर निळसर, म्हणून इंग्रजीत तिला निळ्या परांचा महसीर म्हणतात. ओठ जाड आणि मऊ, ते पुढे काढून ती तळावरचं खाणं ओढून घेते. जबड्यात दात नाहीत. दात आहेत ते घशात, आणि ते खेकड्याचं कवच नि गोगलगाईचा शंख चुरतात. जुन्या पुस्तकांत महसीरने गळ चेपून सपाट केल्याच्या हकिगती येतात, त्या याच ताकदीच्या. खाण्याच्या बाबतीत ती नाक मुरडत नाही. किडे, शेवाळ, लहान मासे, काठावरच्या उंबराची पाण्यात पडलेली फळं, सगळं चालतं. इथे साल्मनहून ती वेगळी पडते. साल्मन नदीत शिरला की खाणं सोडतो. तरीही तो पिसांच्या खोट्या माशीवर झडप घालतो, आणि साल्मनवाल्यांची सगळी विद्या भूक नसलेल्या माशाला चिडवण्याची आहे. आपली विद्या भूक असलेल्या पण अतिशय संशयी माशाची.

एक गोष्ट मात्र दोघांत सारखी आहे. दोघेही प्रवाहाविरुद्ध चढतात. मावळात पहिला मोठा पाऊस झाला की ओढ्यांतून, भातखाचरांतून चढणीचे मासे निघतात, आणि गावंच्या गावं टोपल्या, जाळ्या, कामट्यांचे सापळे घेऊन बाहेर पडतात. खडशीही पुरात वर सरकते, उथळ गोट्यांच्या पाण्यात अंडी टाकायला. चढणीच्या माशांची आठवण मावळात सगळ्यांनाच गोड वाटते. पण पोटात अंडी घेऊन निघालेला मासा टोपलीत जातो, याचं वाईट वाटल्याचं मी फार थोड्यांच्या तोंडून ऐकलं. मामा त्या थोड्यांतले. मृग लागला की ते गळ पोटमाळ्यावर ठेवतात आणि दसऱ्याशिवाय काढत नाहीत. "तिचं बाळंतपण असतं," एवढंच ते म्हणतात.

पाण्याखालचं गाव

मामांचं नाव छापायचं नाही, असं त्यांनी सांगितलं आहे. वय सत्तरीच्या पुढे. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला पवना धरणाचं पाणी चढलं तेव्हा त्यांच्या घराची जमीन त्यात गेली. आज हे पाणी पिंपरी-चिंचवडच्या नळांना जातं, आणि काठावर मुंबई-पुण्याहून आलेल्यांचे तंबू लागतात. मामांना मात्र पाण्याकडे पाहिलं की पाण्याखालचं दिसतं. "ती दोन बोटं पाणी गडद आहे ना, तिथून जुनी नदी जायची. त्या उंचवट्यावर आमचं खळं. इकडे विहीर, तिच्या काठाला दगड आहेत, तिथे गळ अडकणार." उन्हाळ्यात पाणी उतरलं की वाघेश्वराचं जुनं देऊळ उघडं पडतं. मग लोक दर्शनाला जातात, आणि मामा आपला नकाशा ताडून घेतात.

हा नकाशा म्हणजेच निम्मी गळविद्या. जलाशय वरून सपाट दिसतो, पण मासे सपाटीत राहत नाहीत. ते जुन्या पात्राच्या कडेने फिरतात, कारण तिथे उतार आहे, आडोसा आहे, थंडावा आहे. पहाटे उथळात चरायला येतात आणि ऊन चढलं की पुन्हा पात्रात उतरतात. मासा भेटायचा असेल तर त्याची ही वाट माहीत हवी.

जागेला पोचल्यावर मी गळ बांधायला घेतला, तर मामांनी थांबवलं. "मासा कुठे लागेल ते राहू द्या. तो काढणार कुठे, ते आधी सांगा."

काठावरून मासेमारी आणि होडीतून मासेमारी यांतला सगळा फरक या एका प्रश्नात आहे. होडीतला माणूस माशामागे जाऊ शकतो. 7 ऑक्टोबर 1922 रोजी स्कॉटलंडच्या टे नदीवर जॉर्जिना बॅलन्टाइन या तरुणीने 64 पौंडांचा, म्हणजे 29 किलोंचा साल्मन गळाला लावला. ब्रिटनमधला गळावरच्या साल्मनचा तो विक्रम आजही तिच्या नावावर आहे. दोन तासांहून अधिक चाललेल्या त्या झुंजीत होडीची वल्ही तिच्या वडिलांच्या हातात होती. काठावरच्या माणसाला वल्ही नाहीत. त्याच्याकडे रिळावर आहे तेवढा दोरा, आणि पाय ठेवता येईल तेवढा काठ. म्हणून आधी काठ वाचायचा. कातळाची सरळ कडा नको, तिथे मासा पायाशी येतो पण हाताशी येत नाही. बुडालेल्या बाभळीची खोडं उजव्या हाताला असतील तर त्याला डावीकडे वळवावं लागेल. सगळ्यांत उत्तम म्हणजे वाळू-गोट्यांचा मंद उतार, ज्यावरून आपण मागे मागे चालत जाऊ शकू. अशी जागा शोधायला आम्हाला सकाळचा पाऊण तास लागला. तेवढ्यात उजाडलं, आणि मामांना त्याची जराही घाई नव्हती.

परवानगीचंही इथेच सांगते. राज्यातल्या जलाशयांवर मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. त्यांच्या पाण्यात गळ टाकायचा तर त्यांना विचारून. आम्ही विचारलं होतं. शहरातून गाडीभर काठ्या घेऊन येणारे पुष्कळ जण विचारत नाहीत. ज्यांचं घर त्या पाण्यावर चालतं त्यांना ते लागतं, आणि लागायलाच हवं.

ढील

पहिला मासा गेल्यावर दोन आठवडे मामांनी मला पाण्याजवळ येऊ दिलं नाही. शाळा भरली ती भात कापून झालेल्या रिकाम्या खाचरात.

पहिला धडा वजनाचा. माझ्या रिळावरचा तंगूस नऊ किलोंचा, म्हणजे तेवढ्या ओढीला तुटणारा. मामांनी भाजीवाल्याचा हुकाचा काटा उंबराच्या फांदीला बांधला, तंगुसाचं टोक त्याला अडकवलं आणि मला काठी घेऊन मागे जायला सांगितलं. रिळाला एक चकती असते. ती आवळली की दोरा अडतो, सैल केली की सुटतो. सव्वादोन किलोंच्या ओढीला दोरा सुटू लागेल अशी ती आम्ही लावली. नऊ किलोंचा चौथा भाग. बाकीचा भाग राखीव का, हे मला तेव्हा समजलं नव्हतं. गाठीपाशी तंगूस मुळातच कमजोर होतो. दगडावर घासला की आणखी कमजोर. पन्नास-साठ मीटर दोरा पाण्यात असला की पाणीच त्याला ओढतं. शिवाय रिळावरचा गुंडाळा जसजसा रिकामा होतो, तसतशी त्याची त्रिज्या घटते आणि चकती न हलवताही ओढ वाढत जाते. म्हणजे मासा सगळ्यात लांब असतो तेव्हाच दोरा सगळ्यात जास्त ताणलेला असतो. नेमक्या त्या क्षणी शिकाऊ माणूस घाबरून चकती आवळतो. मी तर दांडाच धरला होता.

दुसरा धडा माशाचा. मासा झाला मामांचा नातू, इयत्ता सातवी. तंगुसाचं टोक एका चिंधीला बांधून ती त्याने मुठीत धरली आणि तो खाचरातून बांधाकडे सुसाट सुटला. रीळ किर्र करत राहिलं. मामा शेजारी उभे होते. "ढील. ढील. पतंग उडवलाय ना कधी? वारा आला की ढील देता ना? तसंच." पतंगाचं नाव निघालं आणि माझ्या मनगटाला ते उमगलं. काठी उंच, जमिनीशी साधारण अर्ध्या काटकोनात, टोक वाकलेलं. वाकलेली काठीच माशाचे झटके खाते. काठी माशाच्या दिशेने सरळ झाली की झटका थेट गाठीवर येतो. पोरगं थांबलं. "आता." काठी सावकाश वर उचलायची, आणि टोक खाली आणताना तेवढाच दोरा गुंडाळायचा. उचल, उतर आणि गुंडाळ. रिळाने ओढायचं नाही. ओढायचं काठीने, रिळाने फक्त मिळालेलं जमा करायचं. पोरगं पुन्हा पळालं. पुन्हा ढील.

तिसऱ्या दिवशी तो नुसता उभा राहिला. जागचा हलेना. "बसली," मामा म्हणाले. खडशी दमली की तळाशी जाऊन बसते, दगडाला अंग लावून. साल्मन पाण्याबाहेर उड्या घेतो. खडशी क्वचितच उडी मारते, ती खाली दाबते. अशा वेळी वर ओढण्यात अर्थ नाही. काठी आडवी करायची, पाण्यालगत, आणि तिचं तोंड बाजूला वळवायचं. तोंड वळलं की अंग वळतं. बैलाला वेसणीने वळवतात ते असंच.

आणखी एक गोष्ट मामांनी सांगितली नाही, ती मी वाचून समजून घेतली. आता मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. बारीक दोऱ्यावर मोठा मासा तासभर खेळवणं ही पुष्कळांना मर्दुमकी वाटते. पण माशाच्या अंगात झुंजीने आम्ल साठतं. उन्हाळ्यातल्या कोमट पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो. तासभर दमवलेला मासा सोडल्यावर पोहत जातो आणि थोड्या वेळाने कुठेतरी उलटा तरंगतो. मासा सोडायचा असेल तर दोरा दमदार हवा आणि झुंज आटोपशीर. मामांचा नऊ किलोंचा तंगूस जाडाभरडा वाटला होता, तो यासाठी होता.

आमिष नाचणीचं. उकळत्या पाण्यात पीठ घेरून, मळून, गोळे करून पुन्हा उकडलेलं, रबरासारखं चिवट होईपर्यंत. लहान मासे ते सहज तोडू शकत नाहीत, खडशी चेपते. गोळ्यात लपलेल्या गळाचा काटा मामा पक्कडीने दाबून बसवतात, म्हणजे गळ लागतो पण निघतानाही लवकर निघतो. तोंडाला भोक पडत नाही.

वळवणची अंडी

श्रावणात मी परवानगी काढून लोणावळ्याच्या वळवणला गेले. चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणारा हा घाटमाथा. इथलं पाणी खरं तर इंद्रायणी-भीमेतून बंगालच्या उपसागराकडे जायचं. टाटांनी ते वळवण, लोणावळा, शिरवत्याच्या तलावांत अडवलं, नळांतून पाचशे मीटरहून अधिक खाली कोकणात सोडलं आणि 1915 मध्ये खोपोलीला वीज निघाली. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. धरणांनी माशांच्या चढणीच्या वाटा तुटल्या, आणि त्याच धरणांच्या मालकांनी पुढे खडशी वाढवायला घेतली. या दोन्ही गोष्टी एकाच तलावाच्या काठावर उभं राहून पाहताना मन गप्प होतं.

महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालक राहिलेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी 1970च्या सुमाराला इथे खडशीच्या विणीचा अभ्यास केला. त्यावरचा त्यांचा लेख बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्यांच्यासोबत आणि पुढे कित्येक वर्षं एस. एन. ओगले यांनी हे काम चालवलं. पावसाळ्यात तलावाला मिळणाऱ्या ओढ्यांच्या तोंडाशी विणीचे मासे जमतात. ते जाळ्याने अलगद धरतात. मादीच्या पोटावरून अंगठा हलकेच मागे सरकवला की तयार अंडी कोरड्या भांड्यात ओघळतात. नराचं शुक्र त्यांत पडतं. पिसाने ढवळतात, मग पाणी घालतात. सोनसळी, मोहरीहून जरा मोठे मणी. ते वाहत्या पाण्याच्या पसरट ताटांत ठेवतात, आणि तीन-चार दिवसांत त्यांतून पिल्लं निघतात. पोटाखाली बलकाची पिशवी घेऊन ही पिल्लं उजेडापासून पळतात आणि कोपऱ्यात एकमेकांवर ढीग करून पडून राहतात.

कुलकर्णी आणि ओगले यांचं एक काम तर मला अजून थक्क करतं. रोहू-कटल्याच्या अंड्यांपेक्षा खडशीचं अंडं सावकाश फुटतं. मग ही अंडी ओल्या कापसात गुंडाळून विमानाने पाठवता येतील का? त्यांनी पाठवून पाहिली, ती पोचली, जगली, आणि 1979 मध्ये त्याचा शोधनिबंध छापला गेला. पाण्याच्या पिंपांशिवाय, कापसाच्या डब्यातून मासे प्रवासाला निघाले. गेल्या पाच दशकांत लोणावळ्याहून कोटीहून अधिक पिल्लं महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेर गेली. एके काळी जागतिक यादीत 'संकटग्रस्त' असलेली खडशी अलीकडच्या फेरतपासणीत 'कमी चिंतेच्या' गटात आली. मावळच्या पोरांनी शाळेत शिकावी अशी ही गोष्ट आहे. पण तिचा पुढचा भागही शिकायला हवा.

कावेरीची वही

लोणावळ्याची पिल्लं ज्या नद्यांत गेली त्यांत कावेरी होती. हेतू चांगला होता. कावेरीतला महसीर घटत होता, सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांनी डोह रिकामे केले होते. पण कावेरीचा मूळ महसीर खडशी नव्हता. तो होता पाठीला उंचवटा असलेला, नारिंगी परांचा, जगातल्या सर्वांत मोठ्या महसीरांतला एक. 1946 मध्ये कावेरीला मिळणाऱ्या कबिनी नदीत म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी 120 पौंडांचा महसीर काढला, म्हणजे 54 किलो. तो याच वंशाचा.

1990च्या दशकात गळवाल्यांच्या हाती निळ्या परांचे मासे येऊ लागले. आधी थोडे, मग पुष्कळ. सगळ्यांना आनंद झाला, महसीर वाढला म्हणून. खरं काय झालं ते कळलं गळवाल्यांच्या वहीतून. कावेरीवरच्या गलिबोरेच्या तळावर प्रत्येक जण किती तास बसला, काय लागलं, किती वजनाचं, हे लिहून ठेवायची शिस्त होती. एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन या संशोधकांनी 1998 ते 2012 पर्यंतच्या त्या नोंदी चाळल्या. 23,620 तासांत 6,161 महसीर. निळ्या परांच्या माशांचा आकडा चढत गेला होता. उंचवट्याच्या पाठीचे मासे कमी होत गेले होते, आणि जे लागत ते म्हातारे, अवजड. त्यांची लहान पिल्लं नोंदीत जवळपास नव्हतीच. म्हणजे वीण थांबत आली होती आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण 'महसीर' तर भरपूर मिळत होता. 2015 मध्ये हे प्रसिद्ध झालं. तोवर त्या माशाचं शास्त्रीय नावही ठरलेलं नव्हतं. 2018 मध्ये तो 'टॉर रेमादेवी' असल्याचं निश्चित झालं, आणि त्याच वर्षी तो 'अतिसंकटग्रस्त' यादीत गेला.

मी या प्रकरणाचा दोष कुणावर ठेवू शकत नाही. ज्यांनी पिल्लं वाढवली त्यांनी मायेने वाढवली, ज्यांनी सोडली त्यांनी नदी भरावी म्हणून सोडली. महसीरांच्या जाती नेमक्या किती, यावर त्या काळी शास्त्रज्ञांचंच एकमत नव्हतं. पण मुळा-मुठेच्या माशाला कावेरी हे घर नव्हे, हे आता आपल्याला कळलं आहे. त्यानंतरही एखाद्या सोहळ्यात बादलीभर पिल्लं दिसेल त्या पाण्यात सोडून टाळ्या वाजवल्या जात असतील, तर ते मला मान्य नाही. कोणता मासा, कुठल्या खोऱ्यातला, कुठल्या पाण्यात, हे विचारल्याशिवाय सोडू नये. गळ टाकण्याआधी मासा कुठे काढणार हे ठरवावं लागतं. मासा सोडण्याआधीचा प्रश्नही तितकाच अवघड आहे.

देवाचे मासे

जाळं, गळ, सुरुंग यांतून खडशी टिकली ती फक्त प्रयोगशाळेमुळे नाही. महाडजवळ काळ नदीवरचा वाळण कोंड, वाड्याजवळ वैतरणेवरचं तिळसे, आणि इंद्रायणीवर आपलं देहू. या डोहांतल्या माशांना कुणी हात लावत नाही. लोक कुरमुरे टाकतात, पाणी उसळतं. मावळातून निघालेली इंद्रायणी देहूला पोचेपर्यंत वाटेतल्या गावांचं आणि कारखान्यांचं सांडपाणी पोटात घेते, आणि आळंदीला कधी कधी पांढऱ्या फेसाखाली झाकून जाते. गळापासून वाचवलेल्या माशाला या पाण्यापासून कोण वाचवणार? देवाच्या नावाने जाळं थांबलं होतं, तसा नाल्यांचा ओघही थांबावा, असं देहूच्या घाटावर उभी असताना फार वाटलं.

उतार

मृगाच्या आधीची शेवटची फेरी मेच्या अखेरीस होती. पाणी इतकं उतरलं होतं की मामांचं खळं जवळपास उघडं पडलं होतं. आम्ही जुन्या पात्राच्या वळणावर बसलो. नातू सुट्टीत होता, तोही आला.

पहिली टकटक आली तेव्हा मी हलले नाही. बोट तंगुसावर. दुसरी टकटक. "चेपतीये," मामा पुटपुटले. मग तंगूस आपसूक चालायला लागला. मी काठी उचलली, आणि ते वजन पुन्हा आलं, मार्चमधलंच. या वेळी मी हात दांड्यापासून दूर ठेवला. रीळ किंचाळत राहिलं. वीस मीटर, तीस, आणखी. पन्नास मीटरवर ते थांबलं. उचल, उतर आणि गुंडाळ. ती पुन्हा सुटली, आता उजवीकडे, बाभळीच्या खोडांकडे. मी काठी डावीकडे आडवी केली आणि पाण्याच्या कडेने डावीकडे चालत गेले. तिचं तोंड वळल्याचं मला हातात कळलं. मग ती बसली. मिनिटभर नुसता ताण, दगडाला बांधल्यासारखा. मी आडवी ओढ सोडली नाही. ती निघाली.

काठापासून दहा हातांवर तिने आम्हाला पाहिलं असावं. ही शेवटची धाव सगळ्यांत फसवी. मासा आलाच म्हणून माणूस चकती आवळतो, आणि जवळचा दोरा आखूड असल्यामुळे त्याला झटका सोसत नाही. मी दिली ढील. ती गेली, आणि आली. आता कुशीवर झुकलेली, कल्ले सावकाश उघडत मिटत. मी सकाळी ठरवलेल्या गोट्यांच्या उतारावरून मागे मागे चालायला लागले. काठी वर, पावलं हळू. माशाला त्याच्याच सरकण्याने उथळात येऊ द्यायचं, ओढून आपटायचं नाही. वीतभर पाण्यात तिचं डोकं टेकलं, आणि नातू गुडघ्याएवढ्या पाण्यात तिच्या मागे जाऊन उभा राहिला, हात ओले करून.

"कल्ल्यात बोट नको," मामांनी त्याला सांगितलं. त्याने एका हाताने शेपटीचं मनगट धरलं आणि दुसरा तळवा पोटाखाली दिला. पाण्याबाहेर काढलीच नाही. तीन किलोंची असेल. पाठ गडद हिरवी, बगला जुन्या पितळेच्या, आणि पर खरंच निळे, पावसाच्या आधी तुंगवर रंग येतो तसे. गळ ओठाच्या कोपऱ्यात होता. मामांनी तो दोन बोटांनी फिरवला आणि तो निघाला. घड्याळात अकरा मिनिटं झाली होती.

मी तिला धरलं. मामांनी सांगितल्याप्रमाणे सरळ, पोट खाली, तोंड खोल पाण्याकडे. पुढे-मागे ढकलायचं नाही, नुसतं धरायचं. कल्ले चालू होते. माझ्या तळव्यात तिचं सगळं अंग एक स्नायू होतं, आणि तो स्नायू वाट पाहत होता. मग शेपटी एकदा हलली. मी बोटं उघडली नाहीत, ती त्यांतून निघाली. जुन्या नदीच्या गडद पट्ट्याकडे थोडा वेळ एक लाट दिसली.

नातवाने वही काढली. तारीख, वेळ, पाणी किती उतरलं, आमिष, अंदाजे वजन, सोडली. ही वही त्याने मीच सांगितल्यावर सुरू केली आहे.

मामांनी तोवर तंगुसाचं टोक माझ्याकडून घेतलं होतं. गळाजवळचा हातभर भाग त्यांनी नखाने चाचपला. तो खरखरीत झाला होता, खोडाला किंवा तिच्या खवल्यांना घासून. त्यांनी तेवढा तुकडा कापला, गुंडाळी करून खिशात ठेवला, काठावर टाकला नाही. नव्या टोकाला गळ बांधताना त्यांनी गाठ जिभेने ओली केली आणि हळूहळू आवळली. मग काठी माझ्या हातात दिली आणि गाठ सोडून पुन्हा बांधायला सांगितली.

मी बांधली. त्यांनी ओढून पाहिली, मान हलवली, आणि परत सोडली.

"अजून एकदा," म्हणाले.